दिवाळीत स्पितीला तंबू ठोकायचाय, बायको नाही म्हणतेय

नाशिकच्या एका वाचकाचं पत्र आलंय, ओळख लपवून सारांश देतेय. वय ४१, अंबडच्या कंपनीत नोकरी, बायको शाळेत शिक्षिका, मुलगा सहावीत. कंपनीची मोठी सुट्टी दिवाळीतच असते, म्हणून लक्ष्मीपूजन झालं की दुसऱ्या दिवशी पहाटे स्वतःच्या डिझेल गाडीने निघायचं, मनालीवरून चंद्रताल तलाव, मग कुंझुम खिंड ओलांडून स्पितीतलं मुख्य गाव काझा आणि शिमल्याच्या बाजूने परत, असा दहा दिवसांचा प्लॅन आहे. रोज रात्री तंबू, हॉटेल शक्यतो नाहीच. वर्षभर पैसे साठवून तंबू, तीन स्लीपिंग बॅगा, गॅसची छोटी शेगडी घेऊन झालीये. गेल्या दिवाळीत एक मित्र जाऊन आला, त्याला मस्त ऊन मिळालं. बायको मात्र म्हणते, मुलाला घेऊन मी तिकडे तंबूत झोपणार नाही, तुम्ही एकटे जा. त्यांचा प्रश्न असा: 'तिने हवामानाची उगाच भीती घेतलीये, तिला कसं समजावू? आणि आता रद्द केलं तर एवढा खर्च वाया जाणार त्याचं काय?'

नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. तंबू केवढा, शेगडी किती हलकी, टायर कधी बदलले, सगळं बारकाईने लिहिलंय आणि बायको का नाही म्हणते याला मात्र एकच ओळ, 'हवामानाची भीती'. ती नेमकं कशाला नाही म्हणाली हे विचारलंत का तिला? डोंगराला, थंडीला, तंबूला, की मुलाला घेऊन जाण्याला? या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्यातल्या तीन तरी सोडवता येण्यासारख्या आहेत. 'तिला कसं समजावू' हा प्रश्न मी बाजूलाच ठेवतेय, कारण प्लॅन वाचून माझं सरळ मत झालंय की यंदाच्या तारखांना, त्या रस्त्याने, मुलाला घेऊन हे करू नका. स्पितीला जाऊच नका असं नाही म्हणत मी. जा, जरूर जा, पण हा असा नको.

आधी तारखांचं बघू, कारण सगळ्यात मोठी चूक तिथे आहे आणि ती कुणाच्याही लक्षात न येण्यासारखी आहे. तुमचा मित्र 'दिवाळीत' गेला होता आणि तुम्हीही 'दिवाळीत' जाताय, ऐकायला एकच वाटतं. पण २०२५ ला लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला होतं, यंदा अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ते ८ नोव्हेंबरला गेलंय. म्हणजे तुम्ही मित्रापेक्षा अठरा दिवस उशिरा निघताय. आपल्याकडे या अठरा दिवसांत फारतर पंखा बंद होऊन गोधडी बाहेर येते, पण तिकडे तेवढ्यात रस्ता बंद होतो. कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर आहे, ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला पहिला मोठा बर्फ पडला की ती बंद, आणि मग थेट पुढच्या उन्हाळ्यात उघडणार. चंद्रतालचे कॅम्पवाले तर साधारण ऑक्टोबरच्या मध्यालाच गाशा गुंडाळतात, खिंडीच्या अलीकडचे बातलचे ढाबेही बंद होतात. रस्ता नशिबाने उघडा असला तरी तुम्ही तिथे पोचाल तेव्हा ग्राम्फूपासून, म्हणजे स्पितीचा फाटा फुटतो तिथून, पुढे गाडी पंक्चर झाली तर मदतीला थांबणारं माणूस मिळेलच असं नाही. आणि तलावाच्या काठावर तंबू लावायला तर बंदीच आहे, कॅम्प काही अंतर अलीकडे असतात.

आता हवामान. तिथली शरद ऋतूतली हवा बहुतेक दिवस खरंच सुंदर असते. पाऊस संपलेला, आकाश निळंभोर, डोंगर स्वच्छ, सगळी रील्स तेव्हाचीच असतात, मित्राला मिळालं ते ऊनही खरंच. पण मान्सून मागे फिरला की भूमध्य समुद्राच्या बाजूने येणारे पश्चिमी झंझावात पुन्हा हिमालयावर यायला लागतात, आणि एखादा आला की दोन दिवसांत सगळं चित्र पालटतं. २०१८ ला २२ ते २४ सप्टेंबरला, म्हणजे आपण इकडे अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीत होतो तेव्हा, लाहौल-स्पितीत अचानक जोरदार बर्फ पडला, शेकडो पर्यटक जागोजागी अडकले, हवाई दलाची हेलिकॉप्टरं लावून लोकांना काढावं लागलं. ऑक्टोबरसुद्धा नव्हता तो. आणि २०२१ ला दसरा होऊन तीन-चार दिवस झाले होते तेव्हा उत्तराखंडात मुक्तेश्वरला चोवीस तासांत ३४०.८ मिलीमीटर पाऊस झाला, नाशिक शहरात वर्षभरात पडतो त्याच्या साधारण निम्मा, एका दिवसात. म्हणून 'या महिन्यात तिकडे बर्फ पडत नाही' असं कुणी छातीठोक सांगितलं तर त्याला पडताना दिसला नाही एवढाच त्याचा अर्थ घ्यायचा.

मोबाइलवरच्या अ‍ॅपचंही तसंच. दहा दिवसांनंतरच्या काझाच्या खाली पिवळा सूर्य दिसला म्हणून निघायचं नसतं. डोंगरात तीन-चार दिवसांपलीकडचा अंदाज फक्त कल सांगतो, आणि अ‍ॅप सांगतं ते काझा गावाचं, खिंड त्याच्याही आठ-नऊशे मीटर वर, तिथे पाच-सहा अंश अजून कमी. गावात भुरभुर पाऊस असेल तर खिंडीत बर्फ असतो. हवामान खात्याचं शिमल्याचं केंद्र जिल्हावार इशारे देतं, यलो, ऑरेंज, रेड, ते रोज संध्याकाळी बघायची सवय लावा, आणि रस्त्याचं खरं काय ते लाहौल-स्पिती पोलिसांकडून नाहीतर स्थानिक ड्रायव्हरकडून विचारून घ्या.

पण मला हवामानापेक्षा जास्त काळजी वाटली ती उंचीची, आणि तिचा तुमच्या पत्रात उल्लेखच नाही. मनाली दोन हजार मीटरवर, चंद्रताल सव्वाचार हजारांच्या वर, आणि तुम्ही मनालीहून पहाटे निघून रात्री चंद्रतालला झोपायचं म्हणताय. एका दिवसात दोन हजार मीटरची उडी. डॉक्टर सांगतात की तीन हजारच्या वर गेल्यावर झोपायची जागा दर रात्री पाचशे मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम करा. हवा विरळ होते, तेवढ्यासाठी शरीराला वेळ लागतो, तुम्ही रोज जिमला जात असलात तरी. मोठ्या माणसाला डोकं दुखलं, मळमळलं की तो सांगतो, मूल नुसतं किरकिर करतं, जेवत नाही, झोपून राहतं, आणि आपण म्हणतो प्रवासाने दमलाय. तसं दिसलं तर वर जाणं तिथेच थांबवायचं आणि त्रास वाढला तर लगेच खाली उतरायचं, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत. आता चंद्रतालला रात्री दोनला बर्फातून गाडी काढून मुलाला खाली कसं आणणार याचं उत्तर तुमच्या प्लॅनमध्ये आहे का? निघण्याआधी तुमच्या डॉक्टरांना उंचीवरच्या गोळीबद्दल विचारा, मुलासाठी वेगळं विचारा, आणि सल्फाच्या औषधांची अ‍ॅलर्जी कुणाला असेल तर तेही आवर्जून सांगा.

थंडीचा हिशोब तर घरी बसून करता येतो. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश उतरतात. नाशिक सहाशे मीटरवर, काझा सदतीसशेच्या आसपास, म्हणजे नुसत्या उंचीने वीस अंश कमी. नोव्हेंबरातली आपली चौदा-पंधरा अंशांची रात्र घेतली तर तिकडे ती उणे पाच-सहा होते, आणि ते उत्तरेला एवढं लांब आहे म्हणून खरा आकडा त्याच्याही खाली जातो. निफाडचा पारा पाच-सहावर आला की आपल्याकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, पेपरात फोटो येतात, आणि तुम्ही त्याच्याही खूप खाली पातळ कापडाच्या आत मुलाला झोपवणार. मी ऑक्टोबरात ताबोला तंबूत राहिलेय. सकाळी उठलं की तंबूला आतून बर्फाची साय धरलेली असते, ती आपल्याच श्वासाची वाफ, चेन ओढली की भुगा होऊन मानेवर पडतो, उशाशी ठेवलेल्या बाटलीचं झाकण फिरत नाही आणि बुटाच्या नाड्या काठीसारख्या ताठ होतात. मला ते आवडतं, तुम्हालाही आवडेल कदाचित, पण हे आवडायला अंगाखाली योग्य सामान लागतं आणि तुमचं सामान त्यासाठी नाहीये.

स्लीपिंग बॅगवर '०' लिहिलंय म्हणालात. त्या लेबलवर नीट बघा, बऱ्याच बॅगांवर दोन-तीन आकडे असतात, कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम. आपण बघायचा तो कम्फर्टचा, एक्स्ट्रीम म्हणजे झोप लागेल असं नाही, जीव वाचेल एवढंच. आणि पत्रात मॅटचा कुठे उल्लेखच नाही! अंगाखाली दबली की बॅगेची ऊब संपते, खालून जमीन ऊब ओढून घेते, त्यामुळे कमी पैशात जास्त फरक कशाने पडत असेल तर जाड मॅटने. शेगडीचं दुसरंच काहीतरी. तुम्ही घेतलेल्या डब्यात ब्युटेन असेल तर उणे अर्ध्या अंशाच्या खाली त्याचा गॅसच होत नाही, डबा भरलेला आणि बर्नर फुसफुसतोय अशी गत. थंडीत प्रोपेन किंवा आयसोब्युटेन मिसळलेला डबा लागतो, डब्यावर लिहिलेलं असतं ते वाचून घ्या. आणि एक गोष्ट अगदी हात जोडून सांगते, कितीही थंडी वाजली तरी तंबूत किंवा बंद गाडीत शेगडी, निखारे, गॅस हीटर काहीही पेटवून झोपायचं नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेलं माणूस उठत नाही. मुलालाही हे सांगून ठेवा.

गाडीचं थोडक्यात सांगते. रेडिएटरमध्ये वरचेवर नळाचं पाणी टाकलेलं असेल तर ते काढून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरून घ्या, बॅटरी जुनी असेल तर नाशिकमध्येच बदला. कडक थंडीत साधं डिझेल घट्ट व्हायला लागतं, लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ ला वेगळं हिवाळी डिझेल काढलं ते त्यासाठीच, म्हणून वर गेल्यावर तिथल्याच पंपावर भरा, काझाला पंप आहे. रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, गोठून चिकटतो, गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा. आणि वेळा बदला. उन्हाळ्यात तिकडचे नाले पहाटे ओलांडायचे कारण दुपारी बर्फ वितळून पाणी वाढतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहाटे तेच पाणी रस्त्यावर काचेसारखं गोठलेलं असतं आणि ते दिसतही नाही. ऊन रस्त्यावर आल्याशिवाय निघायचं नाही, आणि नोव्हेंबरात सूर्य साडेपाचच्या आत मावळतो, डोंगराची सावली तर त्याच्या कितीतरी आधी येते, म्हणजे गाडी चालवायला हातात मिळतात जेमतेम सहा तास. आता हे गणित तुमच्या दहा दिवसांत बसवून बघा. नाशिकहून धुळे, इंदूर, ग्वाल्हेर करत काझा एका बाजूने दोन हजार किलोमीटरच्या वर जातं. जाता-येता रोज गाडीत बसून राहिलात तरी वर थांबायला तीन-चारच दिवस उरतात, आणि एक दिवस रस्ता बंद राहिला की उरलेलं सगळं धावपळीत. मग सोमवारी कामावर हजर व्हायचंय म्हणून माणूस अंधारात, बर्फात गाडी काढतो. माझ्या मते जास्त धोका त्या सोमवारचा आहे.

अजून एक विचारते, राग मानू नका. रोज रात्री तंबू म्हणजे रोज संध्याकाळी तो लावणं, सकाळी काढणं, उणे तापमानात चहा-स्वयंपाक, गोठलेल्या पाण्यात भांडी, मुलाचे ओले मोजे, रात्री त्याला शू लागली की त्याच्याबरोबर बाहेर जाणं. यातलं कोण काय करणार हे ठरलंय का? बऱ्याच घरांत बाईला न विचारताच ते तिच्याकडे येतं, आणि मग तिच्यासाठी ती सुट्टी राहत नाही. तुमच्या बायकोचा नकार याच्यामुळे असेल तर त्याला हवामानाचा अंदाज दाखवून उपयोग नाही.

आता काय करता येईल ते बघू. सुट्टी दिवाळीतच मिळणार असेल तर यंदा स्पिती सोडा आणि खालचा हिमाचल धरा. तीर्थन खोऱ्यात गुशैणीच्या आसपास पंधरा-सोळाशे मीटरवर तंबूत झोपायला नोव्हेंबरात छान हवा असते, रात्री कडाक्याची थंडी पण सोसेल अशी, आणि ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क तिथून शेजारीच. फक्त नदीच्या पात्रात किंवा वाळूवर तंबू नको, आणि खाली बियासच्या काठी तर मुळीच नको, २०१४ ला लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात हैदराबादचे इंजिनिअरिंगचे विद्यार्थी फोटो काढता काढता वाहून गेले, तो भाग तोच. हवा चांगली असेल तर तिथून सांगला आणि कल्पाला जा, पण तिथे तंबू न लावता होमस्टेत खोली आणि रजई घ्या. कल्पाहून समोर किन्नर कैलास दिसतो, मुलाला बर्फाचे डोंगर बघायचेत ना, पोटभर दिसतील. गाडी चंदीगडपर्यंत नेण्यातच दोन्ही बाजूंचे मिळून पाच-सहा दिवस जातात, त्यापेक्षा नाशिकरोडहून रेल्वेने दिल्ली गाठून पुढे हिमाचलचा ड्रायव्हर आणि गाडी घेणं हे मी तरी आधी सुचवेन. स्वतः चालवायची हौस मी समजू शकते, पण तिची किंमत चार दिवस असेल तर घरच्यांनाही विचारा.

स्पितीच करायची असेल तर तारीख हलवा. अनंत चतुर्दशी झाल्यापासून घटस्थापनेपर्यंत, यंदा २५ सप्टेंबर ते ११ ऑक्टोबर, हा काळ बराच बरा असतो, आणि पितृपक्षामुळे तेव्हा कंपनीत रजेला फारशी मारामारी नसते. घरात कुणाला पितृपक्षात निघणं पटत नसेल किंवा शाळेतून रजा निघत नसेल तर पुढच्या वर्षी मे अखेरचा विचार करा, चंद्रताल तेव्हा बहुधा मिळणार नाही, काझा मिळेल. कधीही जा, चढताना शिमल्याकडून चढा. नारकंडा, कल्पा, नाको, ताबो, काझा असं हळूहळू वर जाता येतं, ताबोचा मठ ९९६ सालचा, तिथे एक दिवस मुद्दाम थांबण्यासारखं आहे, आणि हा रस्ता एरवी वर्षभर सुरू ठेवायचा प्रयत्न असतो. पाऊस झाला तर तिथेही दरडी येतात, नाकोजवळचा मलिंग नाला त्यासाठी बदनामच आहे. म्हणून दहा दिवसांच्या प्लॅनमध्ये दोन दिवस कोरे ठेवायचेच, त्यात काही म्हणजे काही ठरवायचं नाही. कुंझुम आणि चंद्रताल हे शेवटी, काझात सगळ्यांची तब्येत चांगली असेल आणि आकाश साफ असेल तर.

आणि मागे कधी फिरायचं हे निघण्याआधी, इथे घरी बसून ठरवा, कागदावर लिहा. ऑरेंज अलर्ट आला तर आहोत त्या गावात थांबायचं. कुणालाही डोकेदुखीबरोबर उलटी झाली तर वर जायचं नाही. चारनंतर गाडी रस्त्यावर नको. डिझेल अर्ध्यावर आलं की पुढचा पंप कुठे ते बघितल्याशिवाय हलायचं नाही. आणि तिघांपैकी एकजण जरी नको म्हणाला तरी त्या दिवशी खिंड नाही, त्यावर वाद घालायचा नाही. एवढ्या लांब येऊन, थकून, समोर खिंड दिसत असताना हे निर्णय नीट होत नाहीत, तेव्हा सगळ्यांनाच वाटतं की आता काय, अर्ध्या तासाचं तर काम. तुमच्या बायकोला जी भीती वाटतेय तिचं मोठं कारण माझ्या अंदाजाने हेच असावं, की एकदा निघालो की हा माणूस थांबणार नाही. तो कागद तिच्याबरोबर बसून लिहिलात तर तिचं उत्तर बदलेलही, पण ते बदलावं म्हणून लिहू नका, तसंही लिहायला हवंच आहे ते.

खर्चाचं म्हणाल तर काही वाया गेलेलं नाही. सगळं सामान घेऊन पुढच्या महिन्यात एक रात्र भंडारदऱ्याला जा, आणि मग थंडी पडली की निफाडकडे ओळखीच्या कुणाच्या शेतात परवानगी घेऊन अजून एक. पारा सात-आठ असलेल्या रात्री मुलगा त्या बॅगेत सकाळपर्यंत झोपला का, गॅस कसा पेटला, अंधारात तंबू लावायला किती वेळ लागला, सगळं कळेल आणि वाटलंच तर लगेच घरी येता येईल. त्यानंतर काय अजून घ्यायचं ते ठरवा, आत्ता नवीन काही घेऊ नका.

यंदा कुठेही गेलात तरी रोजचा मुक्काम कुठे आहे ते घरी कुणाकडे तरी लिहून ठेवा, दोन वेगळ्या कंपन्यांची सिम घ्या, त्यातलं एक बीएसएनएलचं, आणि ११२ बरोबर हिमाचलमधल्या जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा नंबर तिघांच्याही लक्षात असू द्या, मुलाच्यासुद्धा.